लोखंड ओढताना आणि माथा जाड करताना बिघडलेला माल कसा सुधारायचा

नवीन शिकणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. टोक काढायला गेलो तर टोकच फाटलं, माथा जाड करायला गेलो तर सळीच वाकली. आणि मग करतात काय, तर बिघडलं तिथंच अजून जोरात ठोकतात. माल खरा जातो तो तिथं. पहिली चूक बहुतेक वेळा सुधारता येते, तिच्यावर मारलेले पुढचे दहा घाव सुधारता येत नाहीत. म्हणून हा लेख मुख्यतः कुठं थांबायचं आणि थांबल्यावर काय करायचं याबद्दल आहे.

उदाहरणाला एकच वस्तू घेतो म्हणजे मापं डोळ्यासमोर राहतील. १६ मिमी चौरस एमएस (माइल्ड स्टील) बारची मेख, एका बाजूला जाड माथा, दुसऱ्या बाजूला १०० मिमी लांब टोक. एकाच तुकड्यात दोन्ही कामं येतात, माल जमवून जाड करायचा आणि माल ओढून लांब करायचा. छिन्नी, पहार, हुक काहीही करत असाल तरी चुका ह्याच होतात.

## १. माल ओळखा, मगच भट्टी पेटवा

भंगारातून आणलेला तुकडा नक्की कशाचा आहे हे माहीत नसेल तर निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात. एमएस बार मऊ असतो, त्यात कार्बन कमी, तो चांगला पिवळा होईपर्यंत तापवलेला चालतो आणि मधे पाण्यात बुडवला तरी सहसा तडकत नाही. ट्रकचा कमानपाटा म्हणजे स्प्रिंगचं पोलाद, त्याची गोष्ट उलटी. तो केशरीपर्यंतच न्यायचा, आणि काम चालू असताना पाणी अजिबात नाही.

टीएमटी सळी घेणारे खूप जण आहेत कारण घराच्या कामातून उरलेली फुकट मिळते. चालते, पण तिच्यावरच्या बरगड्या तशाच ठेवून ओढायला घेतलं तर त्या आडव्या पडून मालात दुमडतात आणि प्रत्येक बरगडीच्या जागी एक बारीक चीर तयार होते. आधी ग्राइंडरने बरगड्या काढा. आणि तिचा कडकपणा कारखान्यात वरचा थर पाणी मारून आणलेला असतो, एकदा भट्टीत लाल झाली की तो गेला, तेव्हा "टीएमटी आहे म्हणजे मजबूत" हे डोक्यातून काढून टाका.

सावध: गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप, पट्टी, बोल्ट भट्टीत घालू नका. जस्ताचा धूर नाकातोंडात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. क्रोमचा मुलामा असलेला मालही लांबच ठेवा.

## २. माप आधी कागदावर

लोखंड कुठं जात नाही. जाडी कमी केली की लांबी वाढते, लांबी कमी केली की जाडी वाढते, खपली (तापल्यावर वर धरणारा काळा पापुद्रा) होऊन उडतो तेवढाच काय तो तोटा. त्यामुळे हिशोब सोपा आहे.

माथा हवाय २४ × २४ मिमी आणि २० मिमी उंच. ते झालं ११,५२० घन मिमी. बारचा छेद १६ × १६ म्हणजे २५६ चौरस मिमी. भागाकार केला की ४५ मिमी. म्हणजे ४५ मिमी बार खाली बसून २० मिमीचा माथा होणार. जळणाऱ्या मालाचं थोडं धरून ५० मिमी घ्या.

टोकाचं अजून सोपं. चारी बाजूंनी निमुळतं होत शून्यावर जाणारं टोक हे मूळ बारच्या एक तृतीयांश मालात होतं. १०० मिमी टोकाला साधारण ३३ मिमी बार पुरतो. हे माहीत नसल्यामुळे लोक १०० मिमी खूण करून तेवढं ओढायला घेतात आणि शेवटी हातात सुयासारखं काहीतरी लांबलचक येतं.

खुणा खडूने करू नका, तावात, म्हणजे भट्टीत तापवताना, जातात. पंचाने कडेवर हलकंसं टिंब द्या. खोल नको, खोल टिंबातून चीर निघते.

तपासा: जाड करायची लांबी बारच्या जाडीच्या तिपटीहून जास्त आहे का? १६ ची तिप्पट ४८. आपले ५० जेमतेम काठावर आहेत. याच्या बरंच पुढे गेलात तर सळी वाकणारच, हातोडा कितीही सरळ मारा. जास्त माल हवा असेल तर दोन-तीन तावात (दोन-तीन वेळा तापवून), टोकाकडून थोडं थोडं करत मागे या.

## ३. क्रम: माथा आधी, टोक नंतर

हे उलटं करणारे फार. टोक काढणं मजेशीर असतं म्हणून आधी तेच करतात, मग माथा जाड करायला मेख उभी धरायची तर खाली ऐरणीवर टेकतंय काय, तर तेच टोक. एक तर बोथट होतं नाही तर वाकतं. माथा आधी करा. आणि बारचा तुकडाही आधी कापू नका. एक मीटरचा १६ मिमी चौरस बार २ किलोचा भरतो, तेच वजन माथा जमवायला कामाला येतं, पुढे सांगतो.

## ४. ताव

घाव चुकतो कारण ताव चुकलेला असतो, हे मी दहातल्या आठ वेळा बघतो.

एमएसला माथा जमवताना चांगला पिवळा ताव हवा, साधारण ११०० ते १२०० अंश. कमानपाट्याला केशरी, हजार-साडेदहाशेच्या पुढे नको. रंग सावलीत बघायचा, उन्हात पिवळा तावसुद्धा लाल दिसतो आणि मग माणूस अजून तापवत बसतो.

दुसरी गोष्ट, वरून पिवळा दिसला म्हणजे आतून तापला असं नाही. गॅसच्या भट्टीत आणि जोरात ब्लोअर लावलेल्या कोळशात हे हमखास होतं. रंग आला की हवा कमी करून थोडा वेळ तसाच राहू द्या, बार फिरवा, सगळ्या बाजू सारख्या दिसल्या की काढा. आतलं गार राहिलं तर घावाने फक्त वरची कातडी सरकते, आणि पुढच्या बहुतेक चुका ह्या एका गोष्टीतून निघतात.

ताव उतरून गर्द लाल झाला की मोठे घाव बंद. काळा पडल्यावर तर हातच लावू नका, विशेषतः पोलादाला. तीनशे अंशांच्या आसपास, रंग काहीच दिसत नाही पण माल निळसर झालेला असतो, तेव्हा लोखंड उलट जास्त ठिसूळ असतं.

सावध: डोळ्याला चष्मा, अंगात सुती कपडे, पायात बूट. नायलॉनचा टी-शर्ट खपलीने वितळून कातडीला चिकटतो. सांडशी बारच्या मापाची हवी, ढिली सांडशी असेल तर कामच सुरू करू नका.

## ५. माथा जमवणे

१. टोकाचा काप बारला काटकोनात हवा, गुण्या लावून बघा. तिरका असेल तर पहिल्याच घावाला बार झुकतो. कापाच्या चारी कडा कानशीने जरा मारा म्हणजे सुरुवातीलाच बाहेर वळत नाहीत.

२. फक्त ५० मिमी तापवा. जास्त तापलं असेल तर खुणेच्या मागचा भाग डब्याने पाण्याची बारीक धार सोडून गार करा. हे फक्त एमएसला. कमानपाट्याला असं केलं तर पाणी लागलं त्या रेषेवर चीर जाते, तिथं कमी भाग तापवणं एवढाच उपाय.

३. वायरब्रशने खपली झाडा. घाईत हे राहतं, मग खपली मालात दाबली जाते.

४. बार उभा धरून तापलेलं टोक खाली जमिनीवरच्या जाड लोखंडी पाटावर आपटा. वजन बारचं, हात फक्त सरळ ठेवायला. दोन-तीन आपटण्या, थांबा, बघा.

५. बार आखूड असेल तर तापलेलं टोक ऐरणीवर टेकवून वरच्या गार टोकावर हातोडा. इथं ऐरण खालून ताव ओढून घेते हे लक्षात ठेवा, म्हणून पटकन मारा आणि पटकन काढा.

हातोडा दीड किलोचा तरी घ्या. हलक्या हातोड्याचे खूप घाव म्हणजे माल आत बसत नाही, नुसत्या कडा पसरतात. मोजके, जड, सरळ.

## ६. माथा जमवताना बिघडलं तर

बार वाकला. हे होणारच, घाबरायचं नाही, पण वाक दिसला त्या क्षणी उभं ठोकणं बंद. वाकलेल्या बारवर वरून अजून एक घाव म्हणजे वाक दुप्पट. बार आडवा करा, फुगार बाजू वर ठेवून ऐरणीवर हलक्या घावांनी सरळ करा, मग पाव फेरा फिरवून दुसऱ्या बाजूने डोळ्याच्या रेषेत धरून बघा कारण वाक बऱ्याचदा दोन्हीकडे असतो. ताव उतरला असेल तर आधी परत तापवा. सरळ झाल्यावर कारण शोधा: काप तिरका होता, की घाव कडेला पडला, की तापलेला भाग लांब होता. नागमोडी, म्हणजे एका ठिकाणी डावीकडे आणि खाली उजवीकडे वाकला असेल तर नक्कीच तापलेली लांबी जास्त झालीय, खुणेच्या मागचा भाग गार करून घ्या.

वाक इतका झाला की आतल्या बाजूला घडी पडली, तर ती घडी ठोकून बसवू नका. ती बसलेली दिसते फक्त. आतून दोन पदर सुटेच राहतात आणि मेख ठोकताना माथा तिथून उडतो. सरळ करून, गार करून, घडी ग्राइंडरने पूर्ण जाईपर्यंत काढा, खड्डा उतरता ठेवा. खूप खोल असेल तर तेवढा तुकडा कापून नव्याने, बार लांब ठेवायला सांगितला तो ह्यासाठीही.

माथ्याला छत्री झाली. जुन्या छिन्नीच्या डोक्याला होते तशी, कडा बाहेर पसरल्या आणि खाली मान तशीच बारीक. ताव फक्त शेवटच्या १०-१५ मिमीला होता किंवा हातोडा हलका होता. कडा खाली वळायच्या आत बार आडवा करून चारी बाजूंनी माल आत दाबा, चौकोन परत आणा. मग खोल ताव, पूर्ण ५० मिमी, आणि परत उभं. कडा वळून मानेला टेकल्या असतील तर आत दाबायच्या नाहीत, कापून काढायच्या.

भलतीकडेच फुगला. टोक बारीक आणि ३०-४० मिमी मागे फुगवटा. टोक गार होतं, मागचा भाग तापलेला होता. कोळशात बार फार आत खुपसला की टोक निखाऱ्याच्या पलीकडे जातं आणि मधला भाग तापतो, ते हे. पूर्ण तापवा, फुगलेल्या जागी पाणी, टोक पिवळं ठेवून परत मारा. फुगवटा प्रमाणाबाहेर असेल तर आधी बाजूंवर घाव देऊन थोडा कमी करा, लांबी परत वाढेल, वाढू द्या.

माथा एका बाजूला झुकला. मानेजवळ व्हाइसमध्ये पकडा, माथा पिवळा तापलेला, आणि ज्या बाजूला माल जास्त गेलाय तिकडून मधल्या रेषेकडे ढकलत मारा. व्हाइसचे जबडे ताव लवकर ओढतात म्हणून तीन-चार घावांपेक्षा जास्त मिळत नाहीत.

कडेला उभ्या चिरा. गार मारलंय, नाही तर मालातच आधीपासून रेघ होती. पुढचा ताव देण्याआधी चिरा कानशीने किंवा ग्राइंडरने मुळापासून काढा. "पुढच्या तावात जुळेल" असं होत नाही, चिरेच्या आत खपली धरते आणि खपली लागलेले दोन पदर जुळत नाहीत.

तपासा: माथा झाल्यावर बार फिरवत बघा, माथ्याचा मध्य बारच्या मध्यावर आहे का, मान माथ्यापेक्षा हळूहळू बारीक होत येतेय की एकदम पायरी आहे. पायरी असेल तर तिथूनच तुटणार. ठीक असेल तर आता माथ्यापासून हवी तेवढी लांबी मोजून कापा, टोकासाठी ३३ च्या जागी ३५ मिमी धरा.

## ७. टोक ओढणे

१. ५०-६० मिमी तापवा. सगळ्यात आधी अगदी शेवटच्या टोकाला आखूड, बोथट, साधारण ४५ अंशांचं टोक करा, ऐरणीच्या पलीकडच्या कडेवर, हातोडाही तेवढाच तिरका धरून. हे सोडून थेट मागून लांबवायला सुरुवात केली की टोक आतून पोकळ होणार, त्याबद्दल खाली आहे.

२. आता मागून ओढत पुढे या. एक घाव, पाव फेरा, एक घाव, परत पाव फेरा मागे. थोडे घाव झाले की अर्धा फेरा फिरवून उरलेल्या दोन बाजू वर घ्या, कारण ऐरणीला लागलेली बाजू जास्त गार होते आणि टोक मध्यावरून सरकतं.

३. शेवटपर्यंत चौकोनच ठेवा. गोल टोक हवं असेल तरी आधी चौकोन पूर्ण निमुळता, मग चार कडा मारून आठ बाजू, मग गोल. गोलातच फिरवत फिरवत ओढलं तर मधला गाभा ताणला जाऊन आतून फाटतो आणि बाहेरून काही कळतच नाही.

ऐरणीच्या सपाट तोंडावर मोठे घाव दिले की माल जितका लांब होतो तितकाच रुंदही. जलद लांबवायचं असेल तर ऐरणीच्या हॉर्नवर (शिंगासारख्या निमुळत्या गोल भागावर) किंवा गोलसर कडेवर बार आडवा ठेवून मारा. रूळाचा तुकडा वापरत असाल तर त्याची एक कडा ग्राइंडरने गोल करून घ्या, तेवढं पुरतं.

रस्त्याकडेला पाल टाकून काम करणारे घिसाडी बघायला मिळाले तर घण मारणाऱ्या बाईकडे नका बघत राहू, सांडशी धरणाऱ्याच्या मनगटाकडे बघा. पाव फेरा कसा पुरा आणि दर वेळी सारखाच होतो ते तिथं दिसतं.

## ८. ओढताना बिघडलं तर

चौकोनाची शंकरपाळी झाली. सगळ्यात जास्त होणारी चूक. समोरून बघितलं तर काटकोन गेलेत, एक कर्ण लांब, एक आखूड. पाव फेरा अर्धवट पडतोय किंवा हातोड्याचं तोंड तिरकं पडतंय. आता सपाट बाजूंवर कितीही ठोका, ती अजून झुकतच जाते, कारण बार दर वेळी त्याच तिरक्या बाजूवर बसतो. उपाय असा: परत केशरी-पिवळा ताव घ्या, बार कडेवर उभा करा म्हणजे लांब कर्ण उभा येईल, आणि वरच्या कडेवर मध्यम घाव द्या, दोन्ही कर्ण सारखे होईपर्यंत. कडा जरा चपट्या होतील, होऊ द्या. मग सपाट बाजूंवर येऊन कोपरे परत काढा. हे लाल तावावर कधीही करू नका. गार मालात कर्णावर घाव दिला की आतून कोपऱ्या-कोपऱ्याला चीर जाते.

परत होऊ नये म्हणून हाताचं ऐका. बाजू ऐरणीवर पूर्ण टेकलेली असेल तर घाव मुका पडतो, अधांतरी असेल तर सांडशीतून हाताला झिणझिण्या येतात. झिणझिणी आली की पुढचा घाव नाही, आधी बार नीट टेकवा.

टोकाला खळगा पडला, ओठ बाहेर आले. वरचा थर पुढे सरकला, गाभा मागे राहिला. ताव आतपर्यंत नव्हता, किंवा हातोडा हलका होता, किंवा बोथट टोक आधी केलं नव्हतं. खळगा दाबून मिटवायचा मोह होतो. मिटवलात तर टोकात उभी चीर घेऊन फिराल. खळगा जिथं संपतो त्याच्या मागे अजून ३-४ मिमी कापा, काप घासून चकचकीत करून बघा, मधे काळा ठिपका दिसला तर अजून थोडं कापा. मग बोथट टोकापासून सुरुवात.

पदर दुमडला. हातोड्याची धारदार कड लागली की पायरी पडते, पुढच्या घावाला ती पायरी आडवी पडून मालावर पापुद्रा बसतो. ओळखायची खूण म्हणजे ताव उतरताना पातळ पापुद्रा आधी काळा पडतो, लाल मालावर काळी रेघ दिसते. रेघ दिसली की थांबा, गार करा, घासून काढा. आणि हातोड्याच्या तोंडाच्या कडा गोल करा, विकत आणलेल्या नव्या हातोड्याच्या कडा ह्या कामाला फार तीक्ष्ण असतात.

चपटा झाला. एकाच बाजूवर घाव देत राहिलात आणि रुंदी जाडीच्या दुप्पट झाली. अजून पुढे गेलात तर कडेवर उभा केला की तो दबण्याऐवजी वाकतो. चांगला ताव घ्या, कडेवर हलके घाव, दर दोन घावांनी सपाट टाकून वाक काढा. वेळ लागतो, घाई केली की घडी.

मधेच मान बारीक पडली. त्या जागी परत माल आणायला जाऊ नका, पुढे निमुळतं टोक आहे, ठोकलं की तेच वाकेल. मान आता हात न लावता सोडून द्या आणि तिच्या मागचा व पुढचा जाड भाग ओढून त्या मापाला आणा. टोक ठरल्यापेक्षा लांब होईल, जास्तीचं कापा. मान फारच बारीक असेल तर तिथूनच कापून नवीन टोक.

टोक बाकदार झालं. लाल तावावर, लाकडी ओंडक्यावर ठेवून लाकडी मोगरीने सरळ करा. लोखंडी हातोड्याने निमुळत्या भागावर सरळ करायला गेलात की जाडीच बिघडते.

## ९. जळलेला माल

बार भट्टीतून काढताना फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या आणि पृष्ठभाग दाणेदार, खडबडीत झाला तर तो भाग जळलाय. त्याला उपाय नाही, न ठोकता कापायचा. ठोकला तर चुरा होतो.

नुसता जास्त तापला, ठिणग्या नाहीत, पण बराच वेळ भट्टीत राहिला, तर आतला दाणा मोठा होतो. कमानपाट्यासारख्या पोलादात हे महत्त्वाचं. लोहचुंबक चिकटायचं बंद होईपर्यंत आणि त्याच्या थोडं वर तापवा, शांत हवेत काळं पडेपर्यंत गार होऊ द्या, असं दोन-तीन वेळा. पंखा लावू नका, ओल्या जमिनीवर टाकू नका.

## १०. शेवटचा हात

पूर्ण मेख एकदा गर्द लाल करून सरळ करा, खपली ब्रशने काढा. पीळ पडला असेल तर माथा व्हाइसमध्ये धरून अंग केशरी असताना पान्याने उलटा फिरवा. एमएसची मेख हवेत गार होऊ द्या, कमानपाट्याची असेल तर कोरड्या राखेत पुरून ठेवा. गार झाल्यावर माथ्याच्या वरच्या चारी कडा २-३ मिमी तिरप्या घासा, नाहीतर वापरताना घण बसून त्यांचे कपचे उडतात. टोकाला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक करायचं असेल तर ते कमानपाट्याच्या मेखेलाच द्या, आणि तेही फक्त टोकाला. माथ्याला पाणी लागू देऊ नका, कडक माथ्यावर घण पडला की तुकडा थेट डोळ्याच्या उंचीला येतो.